हरणासाठी पहिली बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल: नेमाला पक्की, खिशाला परवडणारी

तीन_नद्यांचा
मंडळी, मी पिट्सबर्गपासून तासाभरावर राहतो. ऑफिसातले दोघे दर वर्षी थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांसाठी रानात जातात. या वर्षी मीही येतो म्हणून बसलोय. हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स झाला, लायसन्स काढलं, ग्रीनकार्ड आहे. गाडी अडलीय ती रायफलपाशी.

पेनसिल्व्हेनियात मोठ्या जनावरासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची बोल्ट-अ‍ॅक्शन हे ठरलंच. रायफल, स्कोप, माउंट (स्कोप बसवायचा बेस आणि रिंगा) सगळं धरून हजार डॉलरच्या आत बसवायचंय. आठशेत झालं तर घरात शांतता नांदेल. माझी उंची पाच फूट पाच, हात आखूड. दुकानात जो तो 'सब-एमओए गॅरंटी' म्हणतो. एक मित्र सॅव्हेज घे म्हणतो, दुसरा टिक्का, आणि त्याचे सासरे जुनी रेमिंग्टन ७०० स्वस्तात द्यायला तयार आहेत. काय करू?

विस्कॉन्सिनचा_बापू
अभिनंदन! आता सब-एमओएचं खूळ आधी डोक्यातून काढा.

एमओए, म्हणजे मिनिट ऑफ अँगल, हे गोळ्या किती पसरतात त्याचं माप. एक एमओए म्हणजे १०० यार्डांवर १.०४७ इंच. हरणाच्या छातीत काळीज-फुप्फुसांची जागा साधारण ८ इंचांची. तुमच्या पश्चिम पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरझाडीत १०० यार्डांपलीकडचं हरीण मुळात दिसलं तरी पुष्कळ. म्हणजे २ एमओएची रायफलसुद्धा या कामाला पुरून उरते. आणि आजची चारशे-पाचशे डॉलरची साधी रायफल बरं काडतूस मिळालं तर एक-दीड एमओए देते.

हे कसं जमलं तेही सांगतो, कारण त्यावरून पैसे कुठे घालायचे ते कळतं. जुन्या काळी नळी बसवताना हेडस्पेस (काडतूस आणि बोल्टमधली फट) नीट जुळवणं हे कारागिराचं काम होतं. सॅव्हेजने १९५८ मध्ये मॉडेल ११० काढली. तिच्यात नळी एका नटाने आवळतात आणि बोल्टचं डोकं किंचित सैल ठेवतात, म्हणजे दोन्ही लग (बोल्टला अडकवून धरणारे दात) आपोआप सारखे टेकतात. कारागिराचा तास वाचला आणि नेम उलट सुधारला. पुढे २००३ च्या सुमारास सॅव्हेजचाच, हलका-जड करता येणारा अ‍ॅक्युट्रिगर आला आणि बाकीच्या कंपन्यांनाही स्वस्त रायफलींमध्ये बरे ट्रिगर द्यावे लागले. २०११-१२ मध्ये रुगर अमेरिकन आली. तिच्यात अ‍ॅक्शन (बोल्ट आणि ट्रिगर असतो तो मधला भाग) धातूच्या व्ही-आकाराच्या ठोकळ्यांवर बसते, त्यामुळे दस्ता (खांद्याला टेकतो तो स्टॉक) प्लास्टिकचा असूनही पकड पक्की राहते.

तेव्हा नेम आता स्वस्त झालाय. महाग काय आहे? मऊ चालणारा बोल्ट, न वाकणारा दस्ता, देखणं फिनिश. ते हवं की नको हा तुमचा प्रश्न. माझं मत: रायफलीवर साडेचारशे-पाचशे, स्कोप आणि माउंटवर तीनशे, उरलेल्याची काडतुसं.

सिअ‍ॅटलचा_सदू
बापू, बाकी सगळं मान्य, पण टिक्काला असं वगळू नका. टी३एक्स फिनलंडमध्ये रीहिमाकीला साको कंपनीच्याच कारखान्यात बनते. तीन गोळ्यांत एक एमओएची हमी कंपनी देते आणि बोल्ट असा सरकतो की दुसरी कुठली रायफल हातात घ्यावीशी वाटत नाही. ट्रिगर पहिल्या दिवसापासून स्वच्छ. पहिली रायफल आयुष्यभर राहते, दोन-अडीचशे डॉलरसाठी मन का मारायचं?

विस्कॉन्सिनचा_बापू
मन मारायला कोण सांगतंय! पण त्यांची मर्यादा हजारची आहे. टिक्कावर आठशे गेले तर स्कोप शंभराचा येईल. उत्तम रायफलीवर गचाळ स्कोप, हा प्रकार रेंजवर दर शरद ऋतूत बघायला मिळतो. संध्याकाळी शेवटच्या अर्ध्या तासात हरीण बाहेर येतं, तेव्हा काच धुरकट असेल तर त्या फिनलंडच्या बोल्टचं करायचं काय? शिवाय टिक्काचं मॅगझिन प्लास्टिकचं आणि जादाचं घ्यायला गेलं की महाग. सगळ्या कॅलिबरना (काडतुसांच्या मापांना) एकच लांब अ‍ॅक्शन, तेही लक्षात असू द्या. बंदूक चांगली आहे यात वादच नाही.

सरासरीवाला
तीन गोळ्यांच्या हमीबद्दल जरा बोलतो, पेशाने आकडेवारीवाला आहे म्हणून राहवत नाही.

तीन गोळ्यांचा गट, म्हणजे कागदावरच्या भोकांतलं सर्वात मोठं अंतर, जेवढा दिसतो तेवढी ती रायफल नसते. तीच रायफल, तेच काडतूस, तोच माणूस: तीन गोळ्यांचा सरासरी गट एक इंचाचा असेल तर पाच गोळ्यांचा साधारण सव्वा इंच आणि दहांचा दीड इंचाच्या किंचित वर जातो. रायफल बिघडलेली नसते. गोळ्या जास्त झाल्या की टोकाच्या गोळ्या सापडतात, इतकंच. नेटवर जे पाऊण इंचाचे फोटो टाकतात ते बहुतेक अनेक गटांतला सर्वात देखणा गट निवडून टाकतात. विकणाराही तेच करतो.

एकाच जागी एकाच प्रकारच्या काडतुसाच्या दहा गोळ्या, नळी मध्ये मध्ये थंड होऊ देऊन, झाडा. तो गट दोन इंचांत बसला तर हरणासाठी रायफल उत्तम. मग पुढचा सगळा वेळ स्वतःवर घाला.

ह्यूस्टनची_वहिनी
सगळे पुरुष नळी आणि बोल्टवर घसरले. त्यांनी हात आखूड आहेत असं लिहिलंय ते कुणी वाचलं का?

दादा, साधारण रायफलीच्या दस्त्याची लांबी, म्हणजे खांद्यापासून ट्रिगरपर्यंतचं अंतर, साडेतेरा ते पावणेचौदा इंच असतं. ते अमेरिकन धिप्पाड माणसाच्या मापाचं. त्यावर जाड जॅकेट चढलं की मान पुढे ताणावी लागते, डोळा स्कोपमागे नीट येत नाही, आणि काळी किनार दिसते. मग आपण म्हणतो स्कोप वाईट. मी रुगर अमेरिकन कॉम्पॅक्ट वापरते, तिचा दस्ता साडेबारा इंचांचा. रानडुकरं आमच्याकडे ढिगाने, त्यामुळे तिचा वापर भरपूर होतो. दुकानात जाताना हिवाळी जॅकेट घेऊन जा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा आणि उघडा. स्कोपचं पूर्ण वर्तुळ दिसलं तर ती तुमची.

आणि कॅलिबर? .३०८ सगळे सांगतील. मी ६.५ क्रीडमूर सांगेन.

तीन_नद्यांचा
वहिनी, जॅकेटची युक्ती डोक्यातच आली नव्हती. पण ६.५ का? मित्र म्हणतो ते टार्गेटवाल्यांचं फॅड आहे.

ह्यूस्टनची_वहिनी
होतं टार्गेटवाल्यांसाठीच. हॉर्नडीने २००७ मध्ये काढलं ते स्पर्धांसाठी. पण गोळी लांब-सडपातळ, वाऱ्याला कमी हलते, आणि धक्का .३०८ पेक्षा साधारण पाव हिस्सा तरी कमी बसतो. धक्का कमी म्हणजे सरावाला जास्त गोळ्या झाडता येतात आणि ट्रिगर ओढताना डोळे मिटत नाहीत. हरणाला काही फरक कळत नाही.

विस्कॉन्सिनचा_बापू
यात वहिनींशी भांडणार नाही. मात्र १०० यार्डांच्या आत ६.५ ची लांबपल्ल्याची हुशारी वायाच जाते. .३०८ विंचेस्टर १९५२ पासून आहे, खेड्यातल्या हार्डवेअरच्या दुकानातही त्याचा डबा मिळतो. ३०-०६ तर १९०६ ची, अजून धडधाकट, पण हलक्या रायफलीत तिचा धक्का नवशिक्याला नको. .२४३ हे .३०८ चंच पुंगळं तोंडाशी आवळून १९५५ मध्ये काढलेलं. धक्का फारच कमी, फक्त गोळी नीट जागी बसायला हवी. या चारातलं कुठलंही घ्या, हरीण पडेल. ज्याचं काडतूस तुमच्या गावात नेहमी मिळतं ते घ्या.

निवृत्त_सुभेदार
साताऱ्याहून लिहितोय. अमेरिकेतली दुकानं मला ठाऊक नाहीत, बंदूक ठाऊक आहे. आमची सुरुवात .३०३ वर, मग ७.६२ ची एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल). ती ७.६२ म्हणजे तुमच्या .३०८ ची सख्खी बहीण, त्यामुळे या वादात माझं मत कुठे पडणार ते उघड आहे.

बाळ, रायफल कुठलीही घे, पण ती घरी आणल्यावर रोज रात्री दहा-पंधरा मिनिटं रिकामी चालव. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलुपात. चेंबर डोळ्यांनी बघायचं, मग बोटाने चाचपायचं. समोर पक्की भिंत. मग भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरून ट्रिगर ओढायचा. चाप सुटल्यावरही काटा ठिपक्यावरच राहिला पाहिजे. आजकालच्या सेंटरफायर रायफलीला त्याने काही होत नाही, मनात शंका असेल तर डमी काडतूस घाल. बाकावर वाळूच्या पिशवीवर रायफल ठेवून सगळेच नेमबाज असतात. आमच्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं ते गुडघ्यावर, पालथं आणि उभं, तिन्ही अवस्थांत मारून. रानात तुला बाक कोण आणून देणार? बसून गुडघ्यावर कोपर टेकवून मारायचा सराव कर.

आपल्याकडे ज्यांच्याकडे शेतीसाठी परवाना आहे त्यांच्याजवळ ईशापूरची .३१५ असते, तीही बोल्टचीच. शिकार मात्र १९७२ च्या कायद्याने बंद, ते योग्यच झालं.

साधा_साने
एवढी चर्चा एका मुक्या जनावराला मारण्यासाठी? मराठी माणसाने परदेशात जाऊन हे शिकावं याचं वाईट वाटतं.

ह्यूस्टनची_वहिनी
साने, वाईट वाटणं समजू शकते. पण पेनसिल्व्हेनियात लांडगा उरलेला नाही, डोंगरी सिंहही नाही. हरणं वाढली की जंगलातली कोवळी रोपं खाऊन संपवतात, आणि रात्री हायवेवर गाडीखाली येतात ते वेगळंच. किती मारायची, नर किती, मादी किती, हे तिथलं गेम कमिशन ठरवतं. तुम्ही खाऊ नका, कुणी आग्रह करत नाही. नैतिकतेवर वेगळा धागा काढा, मी येईन तिथे वाद घालायला.

नवा_एचवनबी
मध्येच विचारतो. मी एच-१बी वर आहे. मला घेता येते का?

विस्कॉन्सिनचा_बापू
नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्याला बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने मुळात बंदी आहे. तिला काही अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. लायसन्स संपलं की अपवादही संपला, आणि बंदूक घरात तशीच राहते! म्हणून खरेदीआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, धाग्यावरच्या बापूवर विसंबू नका.

ग्रीनकार्डवाल्यांनाही एक सूचना. दुकानात बंदूक खरेदीचा केंद्रीय फॉर्म, ४४७३, भरावा लागतो. त्यात गांजाबद्दल प्रश्न आहे आणि राज्याने औषध म्हणून परवानगी दिली असली तरी केंद्राच्या लेखी तो बेकायदाच, हे फॉर्मवरच लिहिलेलं असतं. त्या फॉर्मवर खोटं लिहिणं हा मोठा गुन्हा. आपल्या लोकांना त्यात दंडापेक्षा इमिग्रेशनचं नुकसान मोठं. पेनसिल्व्हेनियात पुढची तपासणी स्टेट पोलिसांच्या पिक्स यंत्रणेतून होते.

तीन_नद्यांचा
फॉर्मबद्दल धन्यवाद, तिथे काही अडचण नाही. सासऱ्यांच्या रेमिंग्टनचं काय? अडीचशेत देतायत, वर जुना स्कोप.

सिअ‍ॅटलचा_सदू
७०० ही १९६२ पासूनची अ‍ॅक्शन, तिच्यावर अर्ध्या अमेरिकेने शिकार केलीय. पण ट्रिगर कोणता आहे ते बघितल्याशिवाय हात लावू नका. जुन्या वॉकर ट्रिगरवर चाप न ओढता गोळी सुटल्याचे खटले झाले, आणि नंतरच्या एक्स-मार्क प्रो ट्रिगरच्या रायफली कंपनीने २०१४ च्या एप्रिलमध्ये परत मागवल्या. मे २००६ ते एप्रिल २०१४ मध्ये बनलेल्या. सिरीयल नंबर विचारा. ट्रिगर बदलून घेतलेला असेल किंवा तुम्ही चांगला आफ्टरमार्केट (दुसऱ्या कंपनीचा) ट्रिगर बसवायला तयार असाल, तर अडीचशे हा भाव सोन्यासारखा.

विस्कॉन्सिनचा_बापू
सदूशी सहमत, त्यात भर: नळीच्या तोंडाशी टॉर्च मारून बघा. शेवटच्या अर्ध्या इंचात ओरखडा किंवा गंज असेल तर सोडून द्या. बोल्ट काढून लगच्या मागची घासण दोन्ही बाजूंना सारखी आहे का ते बघा. हरणाच्या रायफली आयुष्यात फार थोड्या गोळ्या झाडतात, त्यामुळे नळी झिजलेली क्वचितच असते. ओल्या तळघरात गंजलेली मात्र पुष्कळ असते.

जुन्यात अजून एक नाव सुचवतो: होवा १५००, किंवा तीच जपानी अ‍ॅक्शन असलेली वेदरबी व्हॅनगार्ड. दोन्ही वजनाला भारी, म्हणून धक्का सौम्य. डोंगर चढताना शिव्या घालाल, गोळी झाडताना आशीर्वाद द्याल.

तीन_नद्यांचा
सिरीयल नंबर पाहिला, परत मागवलेल्या वर्षांतलीच निघाली, आणि ट्रिगर कधी बदललाय का ते त्यांना आठवत नाही. नम्रपणे नाही म्हटलं.

काल दोन दुकानं फिरलो, जॅकेट घालून. (सप्टेंबरात जॅकेट घातलेला मनुष्य पाहून दुकानदार जरा बिचकला.) टिक्काचा बोल्ट खरंच लोण्यासारखा, सदू! पण दस्ता लांब पडतो. सॅव्हेज अ‍ॅक्सिस अ‍ॅक्युट्रिगरसह आवडली, दस्ता मात्र नळीच्या बाजूला बोटाने दाबला तरी हलतो. रुगर अमेरिकन कॉम्पॅक्ट खांद्याला लावली आणि वर्तुळ पूर्ण दिसलं. बोल्टचा दांडा फक्त ७० अंश उचलावा लागतो, त्यामुळे हात स्कोपला आपटत नाही. बहुतेक तीच, .३०८ मध्ये. दुकानदार स्कोप लावूनच कॉम्बो देतो म्हणाला. घेऊ?

विस्कॉन्सिनचा_बापू
कॉम्बोतला स्कोप बहुधा सर्वात स्वस्त घटक असतो. रायफल सुटी घ्या. स्कोप ३-९x४० (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, ४० मिलिमीटर काचेचा), व्होर्टेक्स क्रॉसफायर टू, बरिस फुलफील्ड किंवा ल्युपोल्डचा व्हीएक्स-फ्रीडम, यातला सवलतीत असेल तो. झूम जास्त नको. झाडीत ३ पॉवरवर हरीण पटकन सापडतं, १२ वर सगळीकडे नुसती साल दिसते.

माउंट स्वतः बसवा किंवा दुकानात समोर उभं राहून बसवून घ्या. बेसचे स्क्रू तेल पुसून, रिंगचे स्क्रू साधारण १५ ते १८ इंच-पौंडांवर, टॉर्क स्क्रूड्रायव्हरने, आळीपाळीने. 'रायफल नेमात नाही' अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी हेच स्क्रू तपासतो आणि बहुतेक वेळा पुढे काही करावंच लागत नाही. त्यानंतर एक कागदाची घडी नळी आणि दस्त्यामधून सरकवून बघा. अडली तर दस्ता नळीला टेकतोय.

झिरो करताना, म्हणजे स्कोपचा काटा आणि गोळी एका जागी जुळवताना, आधी २५ यार्ड. स्कोपच्या पाव एमओएच्या एका क्लिकने २५ यार्डांवर गोळी इंचाचा सोळावा भाग हलते, म्हणजे एक इंच चुकलं तर १६ क्लिक. कागदावर मध्यभागी आलं की १०० यार्ड, तिथे चार क्लिकला एक इंच. तुमच्या रानासाठी १०० वरच झिरो ठेवा, दोन इंच वर वगैरे भानगडी मैदानी मुलखातल्यांसाठी. स्टेट गेम लँड्सवर (शिकारीच्या सरकारी जमिनींवर) रायफल रेंज आहेत, हंटिंग लायसन्स असलं की वेगळा परवाना लागत नाही.

काडतुसांचे दोन-तीन वेगवेगळे डबे घेऊन बघा. एकच रायफल एका कंपनीच्या १५० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीचं वजन) काडतुसाला दीड इंच देते आणि दुसरीच्या १५० ला तीन. कारण शोधत बसू नका, जे चाललं त्याचे आणखी डबे त्याच लॉटचे उचला.

ह्यूस्टनची_वहिनी
घरी मुलं असतील तर तांब्याची गोळी बघा. शिशाची गोळी जनावरात फुटते तेव्हा तिचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब जातात, डोळ्याला दिसत नाहीत आणि खिम्यात उतरतात. लहान मुलांच्या आणि गरोदर बाईच्या ताटात ते नकोच. तांबं थोडं महाग पडतं, पण शिकारीला लागतात किती? सरावही शेवटी त्याच काडतुसाने करा, झिरो बदलतो.

आणि तुमच्याकडे क्रॉनिक वेस्टिंग डिझीज, हा हरणांना झिजवून मारणारा रोग, २०१२ पासून आहे. तुमचा भाग डिझीज मॅनेजमेंट एरियात (रोगासाठी नेमलेल्या हद्दीत) येतो का ते नकाशावर बघा. येत असेल तर डोकं आणि कणा बाहेर नेता येत नाही, चाचणीसाठी डोकं द्यायच्या पेट्या ठेवलेल्या असतात. निकाल येईपर्यंत मटण फ्रीजरमध्ये.

तीन_नद्यांचा
घेतली. रुगर, .३०८, वर बरिस सवलतीत. सगळं धरून आठशेच्या थोडं वर गेलं; घरी थोडं वर म्हणजे किती ते अजून सांगितलेलं नाही. केशरी जॅकेट आणि टोपी मित्र देतोय. आता सुभेदार काकांचा रात्रीचा सराव सुरू.

निवृत्त_सुभेदार
डाव्या डोळ्याला मिटू नकोस, दोन्ही उघडे ठेवायची सवय लाव. आणि रायफल खांद्यावरून न उतरवता बोल्ट ओढायला शिक. दुसऱ्या गोळीची गरज पडणार नाही असं धरून चालणारे लोक पहिल्या गोळीनंतर नुसते बघत बसतात.

विस्कॉन्सिनचा_बापू
केशरी रंग डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच, चारी बाजूंनी दिसेल असा. नुसत्या टोपीने भागत नाही. गाडीत रायफल भरलेली ठेवायची नाही, आणि लोक राहतात अशा घरापासून १५० यार्डांच्या आत तिथे राहणाऱ्याच्या आधी घेतलेल्या परवानगीशिवाय शिकार नाही.

नवा_एचवनबी
वकिलाशी बोलणं चालू आहे. तोवर एक प्रश्न: मी ओहायोत, यंग्सटाउनजवळ. मीही हीच .३०८ बघू का?

सिअ‍ॅटलचा_सदू
नको! ओहायोत हरणासाठी बाटलीसारखं गळ्याशी आवळलेलं काडतूस चालत नाही. सरळ पुंगळ्याचं हवं, .३५७ ते .५० मधलं. .३५० लेजंड बघ, विंचेस्टरने २०१९ मध्ये याच नियमांची राज्यं डोळ्यांपुढे ठेवून काढलं. धक्का अगदी कमी, आणि रुगर अमेरिकन त्यातही मिळते. पल्ला दीडशे-दोनशे यार्डांपर्यंतच धर. पेनसिल्व्हेनियातही तेच चालेल, उलटं मात्र नाही. म्हणजे तीन_नद्यांचा, सीमेपलीकडे मित्राच्या शेतावर जायचा बेत असेल तर तुमची .३०८ घरी ठेवून जा.

तीन_नद्यांचा
बेत होता खरा, डिसेंबरात. तिकडे शॉटगन चालते ना?

सिअ‍ॅटलचा_सदू
चालते, स्लग (एकच जड गोळी) घालून. पण त्यासाठी नवा धागा काढा, इथे बापू पुन्हा सुरू होतील.